‘लुक’च्या पुढचा शब्द

इंग्रजी ‘लुक’ म्हणजे बघणे, एवढे पहिली-दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे कमी लेखणे. क्रियापद तेच राहते, अर्थ फिरवतो तो मागून येणारा दोन-चार अक्षरांचा शब्द. मराठी माध्यमातून शिकलेल्यांचे इंग्रजी अडखळते ते बहुधा याच ठिकाणी. ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ पाठ असतात, पण त्याच अर्थाचे ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ तोंडात येत नाहीत. पुस्तकी इंग्रजीत लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द भरपूर, तर घरातल्या आणि रस्त्यावरच्या इंग्रजीचा भार या जोडशब्दांवर.

मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. आई मुलावर प्रेम करते, मुलाशी बोलते, मुलाला ओरडते, मुलाकडे बघते. कुठे ‘वर’ आणि कुठे ‘शी’ हे मराठी माणूस नियमाने ठरवत नाही, ते कानात बसलेले असते. इंग्रजीचेही तसेच, फक्त तिथली बसणी वेगळी. मराठीत एखाद्याशी लग्न होते, म्हणून ‘मॅरी विथ’ म्हणावेसे वाटते. इंग्रजीत ‘मॅरी’ला थेट कर्म लागते. विषयावर चर्चा होते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ येते, पुण्याला पोहोचतात म्हणून ‘रीच टू’ येते, आणि दोन्ही ठिकाणी जादा शब्द घुसतो. याच्या उलट, मराठीत गाणे नुसते ऐकतात, इंग्रजीत मात्र ‘लिसन’पुढे ‘टू’ हवाच. या चुका बेफिकिरीच्या नव्हेत. आपल्या भाषेचे व्याकरण मनात पक्के असल्याची ती खूण आहे, आणि शिकवणाऱ्याने ती तशीच पाहायला हवी.

काही जागी मात्र शब्दाची निवड केवळ रूढीची नसते, अर्थाची असते. चेंडू एखाद्याला ‘थ्रो टू’ केला तर त्याने तो झेलावा ही इच्छा असते. ‘थ्रो ॲट’ केला तर त्याला तो लागावा ही. ‘शाउट टू’ म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारणे, ‘शाउट ॲट’ म्हणजे त्याच्यावर ओरडणे. ‘ॲट’मध्ये नेम धरण्याची छटा आहे. म्हणूनच ‘शूट’ला थेट कर्म जोडले की गोळी लागलेली असते आणि ‘शूट ॲट’ म्हटले की ती फक्त त्या दिशेने झाडलेली असते, लागली की नाही ते कळत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने या जोड्यांचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता येणे फार उपयोगाचे. ‘ही रॅन अप अ बिग हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिग बिल’ ही दोन वाक्ये दिसायला जुळी आहेत. पहिल्यात तो मोठी टेकडी धावत चढला, दुसऱ्यात त्याने मोठी उधारी चढवली. पहिल्या वाक्यात ‘अप’ टेकडीशी बांधलेला आहे, मराठीतल्या ‘टेकडीवर’मधल्या ‘वर’सारखा. दुसऱ्यात तो बिलाचा नाही, ‘रन’चा आहे. म्हणून ‘ही रॅन द बिल अप’ चालते, ‘ही रॅन द हिल अप’ चालत नाही. ‘रॅन’ आणि ‘अप’च्या मध्ये ‘क्विकली’ घालून पाहिले तर टेकडीचे वाक्य टिकते, बिलाचे मोडते.

कर्माच्या जागी सर्वनाम आले की हा भेद सक्तीचा होतो. शब्दकोशात शब्द शोधायचा तर ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’ ही दोन्ही रूपे बरोबर, पण ‘तो’ शोधायचा तर फक्त ‘लुक इट अप’. ‘लुक अप इट’ कोणी म्हणत नाही. मूल सांभाळायचे असेल तर उलट, ‘लुक आफ्टर हिम’ एवढेच शक्य. उच्चारही साक्ष देतो. ‘लुक अप’मध्ये आघात ‘अप’वर पडतो, ‘लुक आफ्टर’मध्ये सहसा ‘लुक’वर.

‘अप’ म्हणजे वर, हे खरेच. किंमत वर जाते, आवाज वर जातो. मराठीतही भाव चढतो आणि आवाज चढतो. पण ‘ईट अप’ आणि ‘टेअर अप’मध्ये वर काहीच जात नाही. तिथे ‘अप’ क्रिया पुरी झाल्याचे सांगतो, आणि मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते. कागद फाडला तर ‘टेअर’, फाडून टाकला तर ‘टेअर अप’. विहीर आटली तर ‘ड्राय’, आटून गेली तर ‘ड्राय अप’. हा सांधा पुरेसा शिकवला जात नाही. ‘टाकणे’, ‘जाणे’, ‘बसणे’ या सहायक क्रियापदांच्या छटा मराठी माणसाच्या अंगात असतात. तिथून ‘अप’कडे जाणारी वाट पाठांतरापेक्षा कितीतरी सरळ आहे. कागद ‘बर्न अप’ होतो आणि घर ‘बर्न डाउन’ होते, दोन्हीचा अर्थ जळून खाक होणेच, पण घर जळताना खाली कोसळते हे इंग्रजी विसरत नाही.

‘गो ऑफ’ वरवर पाहता तऱ्हेवाईक वाटतो. दिवे ‘गो ऑफ’ झाले की अंधार होतो, पण गजर ‘गो ऑफ’ झाला की तो वाजू लागतो. ब्रिटिश बोलीत दूध ‘गो ऑफ’ झाले म्हणजे नासले. ‘ऑफ’चा अर्थ असलेल्या स्थितीतून सुटणे असा धरला की तिन्ही एका ओळीत येतात: दिवा पेटलेपणातून सुटतो, गजर शांततेतून, दूध चांगलेपणातून.

ही रचना काही इंग्रजीपुरती नाही. संस्कृतात एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. शास्त्रीय संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून चिकटतो, पण वेदांच्या भाषेत तो धातूच्या मागेही येतो किंवा मध्ये शब्द घेऊन सुटा उभा राहतो, हे पाणिनीने नोंदवले आहे. जुन्या इंग्रजीतही असे उपसर्ग होते. ‘अंडरस्टँड’ आणि ‘विथस्टँड’ ही त्यांची उरलेली नाणी. ‘विथस्टँड’मधल्या ‘विथ’चा अर्थ तेव्हा ‘विरुद्ध’ असा होता. पुढे बहुतेक उपसर्ग झिजले आणि सुटे शब्द क्रियापदाच्या मागे स्थिरावले. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परक्यांना या जोड्या किती छळतात ते लिहिले आणि त्या काळजीपूर्वक नोंदवल्या. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झाले. ते हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवले होते.

अशा जोड्या हजारोंनी आहेत, पण वापर थोड्यांचाच. दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या भाषासंग्रहावर डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त वापराच्या १०० जोड्यांनीच निम्म्याहून अधिक जागा व्यापल्याचे त्यात दिसले. मात्र या शंभरांना सरासरी पाचांहून जास्त अर्थ आहेत. तेव्हा यादी लहान असली तरी काम लहान नाही, आणि एका अर्थासाठी एक वाक्य असेच शिकावे लागते.

इंग्रजी वाक्य शब्दयोगी अव्ययावर संपवू नये, हा जुना दंडक आहे. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता. पण ‘हू आर यू लुकिंग फॉर’ हेच स्वाभाविक इंग्रजी आहे. कर्मणी प्रयोगातही ‘ही वॉज लाफ्ट ॲट’ म्हणताना ‘ॲट’ क्रियापदाला धरून राहतो, कारण लोक त्याला हसले हा अर्थ त्याच्याशिवाय उभा राहत नाही.

या जोड्यांची नामेही होतात. क्रियापद म्हणून ‘ब्रेक अप’मध्ये आघात ‘अप’वर, नाम म्हणून ‘ब्रेक’वर. मराठी बोलण्यात ‘ब्रेकअप झाला’, ‘बॅकअप घे’, ‘फॉलोअप कर’ अशी नामरूपेच शिरली आहेत. भारतीय इंग्रजीने स्वतःच्या जोड्याही घडवल्या. ‘कोप विथ’चे ‘कोप अप विथ’ झाले ते ‘कॅच अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’च्या सोबतीने. ‘पास आउट’ म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन कॉलेजातून बाहेर पडणे, ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत मात्र बेशुद्ध पडणे. तरीही हा भारतीय अर्थ निराधार नाही. ब्रिटिश सैन्यात प्रशिक्षण पुरे करणारा छात्र ‘पास आउट’च होतो, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सत्राअखेर होणारे संचलन आजही ‘पासिंग आउट परेड’च म्हणवते.