मोटोजीपी : भारतातील पहिल्या शर्यतीत टायरमधील हवेचा कस

ग्रेटर नोएडा, २१ सप्टेंबर २०२३ : मोटोजीपी विश्वविजेतेपद मालिकेची भारतातील पहिलीवहिली फेरी उद्या, शुक्रवारपासून बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सुरू होत आहे. शनिवारी १२ फेऱ्यांची स्प्रिंट आणि रविवारी २४ फेऱ्यांची मुख्य शर्यत होईल. स्प्रिंटच्या विजेत्याला १२, तर मुख्य शर्यतीच्या विजेत्याला २५ गुण मिळतात. म्हणजेच तीन दिवसांत ३७ गुण पणाला लागतील. गतविजेता फ्रान्सेस्को बान्याया याची होर्हे मार्टिनवरील आघाडी मात्र ३६ गुणांचीच आहे. मार्को बेझेक्की ६५ गुणांनी मागे आहे. तिघेही डुकाटीचेच स्वार आहेत.

या चुरशीत पुढच्या टायरमधील हवेचा दाब कळीचा ठरू शकतो. ऑगस्टमधील सिल्व्हरस्टोन शर्यतीपासून हा दाब किमान १.८८ बार, म्हणजे सुमारे २७ पीएसआय राखण्याचे बंधन आहे. मुख्य शर्यतीच्या निम्म्या आणि स्प्रिंटच्या ३० टक्के फेऱ्यांत तो पाळावा लागतो. चाकातील सेन्सर त्याची नोंद घेतात. पहिल्या उल्लंघनाला ताकीद मिळते. त्यानंतर अनुक्रमे ३, ६ आणि १२ सेकंदांचा दंड होतो. त्यामुळे झेंडा पडल्यानंतरही निकाल बदलू शकतो.

हे बंधन सुरक्षिततेसाठी आहे. दाब फार कमी झाल्यास टायरच्या रचनेवर ताण येऊन ते निकामी होण्याचा धोका असतो. स्वारांची अडचण नेमकी उलट आहे. दुसऱ्या मोटारसायकलच्या मागे धावताना गरम हवेमुळे टायर तापते आणि दाब वाढतो. दाब वाढला की टायरची रस्त्यावरील पकड घटते आणि जोरात ब्रेक लावताच पुढचे चाक अडकून स्वार कोसळू शकतो. मोटारसायकलींवरील पंख आणि शर्यतीत उंची कमी करणारी यंत्रणा यांमुळे पुढच्या चाकावरील भार आधीच वाढलेला आहे.

दाब शर्यतीपूर्वीच ठरवावा लागतो. आघाडीवर एकट्याने धावण्याचा अंदाज असेल तर तो थोडा जास्त ठेवावा लागतो, घोळक्यात अडकण्याची शक्यता असेल तर कमी. अंदाज चुकला, तर एकीकडे दंड आणि दुसरीकडे घसरण्याची भीती असते.

ग्रेटर नोएडात हा अंदाज अधिक अवघड आहे. ४.९६ किलोमीटरच्या या १३ वळणांच्या मार्गावर मोटोजीपी यापूर्वी कधीच झालेली नाही. त्यामुळे संघांकडे जुन्या नोंदी नाहीत. किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यानंतर स्वारांना अत्यंत जोरात ब्रेक लावावे लागतील. त्यात सप्टेंबरचा उकाडा आहे. शुक्रवारच्या सरावात टायर किती तापतात, यावरच रविवारची गणिते मांडली जातील.