आधी काटा शोधा

पंक्चर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो नाक्यावरचा पंक्चरवाला. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, तेवढी जागा पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशन लावायचं आणि ठिगळ दाबून बसवायचं. हा कार्यक्रम आपण सगळ्यांनी लहानपणी उकिडवं बसून पाहिलेला आहे.

अलीकडे मात्र रविवारी पहाटे रोड बाइक, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची, बारीक टायरची सायकल घेऊन शहराबाहेर पडणारे पुष्कळ दिसतात. मी आणि माझा एक मित्रही पुण्याहून खडकवासल्यामार्गे पानशेतच्या रस्त्याला जातो. या सायकलींच्या ट्यूबला प्रेस्टा नावाचा निमुळता व्हॉल्व्ह असतो. नेहमीच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. त्यामुळे वाटेत पंक्चरवाला भेटला तरी काम अडू शकतं. आपलं पंक्चर आपणच काढायला शिकणं भाग आहे.

हवेच्या टायरचं पेटंट जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये घेतलं. सुरुवातीचे हे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढणं हे तासन्‌तासांचं काम होतं. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी रिमवरून सुटा होणारा टायर काढला आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे बाराशे किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ तो वापरून पहिला आला. रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलण्याची सोय आपल्याला मिळाली ती तिथून.

रस्त्यात ठिगळ लावत बसू नये, नवी ट्यूब घालावी. फुटकी ट्यूब घरी नेऊन निवांत जोडावी. चाक मागचं असेल तर आधी चेन सर्वांत लहान चक्रावर आणावी, म्हणजे ते सहज निघतं. दोन लिव्हर वापरून टायरची एकच कडा बाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. इथवर सगळे बरोबर करतात. चूक होते ती यापुढे. घाईघाईने नवी ट्यूब घातली जाते आणि पंक्चर करणारी वस्तू टायरमध्येच राहते.

माझ्या मित्राचं एकदा असंच झालं. खानापूरच्या पुढे मागचं चाक बसलं. अकरा वाजता आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं असल्यामुळे त्याने झटपट ट्यूब बदलली. किलोमीटरभर गेलो नाही, तोच चाक पुन्हा जमिनीला टेकलं. आता दोघांत मिळून एकच ट्यूब उरली होती. "दे लवकर," तो म्हणाला. मी म्हटलं, "थांब. आधी काटा शोधू."

दोन्ही फुटक्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून आम्ही त्या शेजारी शेजारी धरल्या. व्हॉल्व्हपासून भोकाचं अंतर दोन्हींत सारखंच होतं! म्हणजे दोष टायरच्या एकाच ठिकाणी होता. ट्यूब टायरवर धरून ती जागा काढली. ट्यूब उलट-सुलट कशीही बसलेली असू शकते, म्हणून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. नुसत्या बोटांना काही लागेना. टायर उलटा करून वाकवला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी पोलादी तार चमकली. ट्रकचे टायर फाटले की त्यांतल्या बारीक तारा रस्त्यावर पडतात, त्यांतलीच ती. ती चिमट्याने काढली, ट्यूब घातली आणि अकराच्या आत मित्र घरी पोहोचला.

भोकही बरंच काही सांगतं. ते बाहेरच्या अंगाला असेल तर काटा, काच किंवा तार शोधावी. आतल्या, रिमच्या अंगाला असेल तर आऱ्यांची टोकं झाकणारी रिमची पट्टी सरकलेली असते. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटली गेली, असं समजावं. पंचवीस मिलिमीटरच्या टायरमध्ये माणसाच्या वजनानुसार साधारण ऐंशी ते शंभर पीएसआय हवा लागते. ती निघण्यापूर्वीच पाहावी. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणावं. पुढच्या वेळी भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

बरोबर मित्र असेल तर कामं वाटून घ्यावीत. पंक्चर झालं की हात वर करून ओरडून सांगावं आणि दोघांनीही डांबरी रस्ता सोडून पार खाली उतरावं. एकाने ट्यूब तपासावी, दुसऱ्याने टायर. छोट्या पंपाने दीड-दोनशे वेळा दाबावं लागतं, तेव्हा हातही आलटून पालटून द्यावा. मात्र दोघांच्या ट्यूबचं माप आणि व्हॉल्व्हची लांबी एकमेकांच्या चाकांना चालते का, हे घरूनच पाहून निघावं. नाहीतर मित्राजवळ ट्यूब असूनही उपयोग नाही.

येत्या रविवारी निघण्यापूर्वी घराच्या गॅलरीत एकदा मागचं चाक काढून, ट्यूब बदलून पाहा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, बोटं काळी होतील. पण पुढे आडरस्त्यावर चाक बसलं, तर तुमच्याबरोबर तुमच्या सोबत्याचाही दिवस वाचेल.