बंद आकाशाची किल्ली कुणाकडे?

'आत्मनिर्भर भारत' योजनेचा चौथा हप्ता जाहीर करताना १६ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक आकडा सांगितला होता. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी जेमतेम ६० टक्के भागच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो. उरलेल्या भागावरील निर्बंध सैल केले तर विमानांचे मार्ग सरळ होतील, इंधन वाचेल आणि विमान वाहतूक क्षेत्राचा वर्षाकाठी सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल, असा तो हिशेब होता. टाळेबंदीच्या त्या दिवसांत स्थलांतरित मजुरांचे तांडे रस्त्यावर होते. साहजिकच आकाशाच्या या हिशेबाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्या हिशेबाचा मुख्य लाभार्थी प्रवासी विमान होते. मात्र हवाई क्षेत्र कुणाचे आणि कुणासाठी, या प्रश्नाची खरी कसोटी प्रवासी विमानावर लागत नाही. विमान कंपन्यांपाशी तज्ज्ञ असतात, वकील असतात आणि मंत्रालयात त्यांच्या शब्दाला वजनही असते. कसोटी लागते ती एक-दोन माणसांना घेऊन उडणाऱ्या बिनइंजिनाच्या ग्लायडरवर. लष्करी आणि निर्बंधित क्षेत्रांच्या कडेने त्याला लांब पल्ल्याचे उड्डाण करता येते की नाही, यावरून त्या देशाची नागरी आणि संरक्षण यंत्रणा एकमेकींशी किती बोलते हे कळते. ही कसोटी आज रायपूरमध्ये बसून तपासण्यासारखी आहे.

रायपूर ते नागपूर, कागदावर

ग्लायडर विंचच्या दोराने किंवा दुसऱ्या विमानाच्या ओढीने वर जातो आणि दोर सुटला की वैमानिक हवेच्या स्वाधीन होतो. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा उष्ण हवेचा स्तंभ शोधायचा, त्यात घारीसारख्या घिरट्या घेत उंची मिळवायची आणि ती उंची खर्च करत पुढचा स्तंभ गाठायचा, एवढ्या भांडवलावर शेकडो किलोमीटरचा प्रवास होतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ५० किलोमीटरला रौप्य, ३०० किलोमीटरला सुवर्ण आणि ५०० किलोमीटरला हिऱ्याचे मानचिन्ह मिळते. जर्मन वैमानिक क्लाउस ओलमान यांनी २१ जानेवारी २००३ रोजी अर्जेंटिनात अँडीज पर्वतरांगेच्या आधाराने ३,००९ किलोमीटरचे अंतर कापले होते.

रायपूर ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे सुवर्णचिन्हाच्या जवळपास जाणारे आहे. छत्तीसगडच्या मैदानात एप्रिल-मेमध्ये जमीन ज्या तऱ्हेने तापते ती पाहता उष्ण हवेचा तुटवडा पडण्याचे कारण नाही. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि नागपूर त्याची राजधानी होती. रायपूरच्या अनेक मराठी घरांचे मूळ याच वाटेवर सापडते. तेव्हा ही वाट आकाशातून धरायची झाल्यास काय लागेल, हे कागदावर मांडून पाहावे.

माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळाच्या नियंत्रण कक्षापासून परवानगीला सुरुवात होते. पश्चिमेला वळताच भिलाईचा पोलाद कारखाना आणि त्याच्याजवळची नंदिनी धावपट्टी लागते. नक्षलविरोधी मोहिमेतील टेहळणीसाठी पूर्वी हैदराबादच्या बेगमपेठेतून उडणाऱ्या मानवरहित विमानांचा तळ पुढे इथेच आणण्यात आला. राजनांदगावच्या दक्षिणेला मोहला-मानपूर आणि त्यापलीकडे गडचिरोली, म्हणजे सुरक्षा दलांच्या हेलिकॉप्टरांचे आकाश. पुढे गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची वर्दळ, भंडाऱ्याजवळ आयुध निर्माणी, कामठीत लष्करी छावणी आणि नागपुरात सोनेगावच्या धावपट्टीबरोबरच हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय. यांतील प्रत्येक ठिकाणी उड्डाणाला बंदी आहे असे मुळीच नाही. परंतु विचारण्याची जागा निरनिराळी आहे आणि विचारणाऱ्याने आपली वेळ, उंची व मार्ग आधी सांगावा अशी प्रत्येकाची अपेक्षा आहे. ग्लायडरला नेमके तेच सांगता येत नाही. ढग जिकडे जमतील तिकडे त्याला वळावे लागते, आणि हवेने साथ सोडली तर एखाद्या धानाच्या शेतात उतरावे लागते.

बंद करणारे अनेक

कायद्याची बाजू पाहू. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. हवाई क्षेत्राचे प्रतिबंधित, निर्बंधित आणि धोक्याचे असे तीन प्रकार मात्र जुनेच आहेत. १९३७ च्या विमान नियमांच्या पहिल्या परिशिष्टात राष्ट्रपती भवनाबरोबरच मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांचाही समावेश करण्यात आला होता. तिथे कारण संरक्षणाचे नव्हते, श्रद्धेचे होते. एकदा रेषा आखली गेली की तिचे मूळ कारण कोणत्या स्वरूपाचे होते, हे नकाशा सांगत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीतील २९व्या नोंदीनुसार हवाई वाहतुकीचे नियमन ही केंद्राची बाब आहे. पोलीस हा विषय राज्याचा आहे. त्यामुळे एक विचित्र असमतोल तयार होतो. राज्याला आकाश उघडता येत नाही, परंतु पोलीस आयुक्त वा जिल्हा दंडाधिकारी आपल्या हद्दीतून होणारे उड्डाण थांबवू शकतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी दिल्लीत, तसेच वेळोवेळी मुंबईत, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, ड्रोन यांच्यावर बंदीचे आदेश निघतात ते याच अधिकारात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात.

यातील मुदतींचा तपशील प्रशासनातील मंडळींनी लक्षात घेण्यासारखा आहे. कलम १६३ खालचा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपुरताच टिकतो, तो वाढवायचा तर राज्य सरकारला स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार पोलीस यंत्रणेला तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करता येते, पण ९६ तासांपुरते. म्हणजे जिल्हा पातळीवरच्या बंदीला कायद्याने शेवटची तारीख दिली आहे. कायमस्वरूपी निर्बंधित क्षेत्रांवर अशी तारीख छापलेली नसते. सर्वांत मोठ्या बंदीला मुदतच नाही, हा या व्यवस्थेतला कळीचा दोष आहे.

भीती निराधार नाही

संरक्षण यंत्रणेचा संशय केवळ सरकारी सवयीतून आलेला नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलियात एका परदेशी विमानातून शस्त्रास्त्रे टाकण्यात आली आणि ते विमान देशाबाहेर निघूनही गेले. परतीच्या वाटेवर त्याला मुंबईत उतरवण्यात आले खरे, पण भारताच्या हवाई सुरक्षेची लक्तरे तोवर वेशीवर टांगली गेली होती. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्लेखोरांनी इस्रायलमध्ये शिरण्यासाठी मोटार लावलेल्या पॅराग्लायडरचा वापर केला. खेळाचे साधन शस्त्र होऊ शकते, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

छत्तीसगडचा अनुभव तर थेट रक्ताचा आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी विधानसभा निवडणुकीच्या कामावरील हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर विजापूर भागात गोळीबार झाला आणि त्यात एका हवाई सैनिकाचा बळी गेला. १८ जानेवारी २०१३ रोजी सुकमा भागात एमआय-१७ हेलिकॉप्टर गोळ्या लागून खाली उतरले, तेव्हा जखमी पोलिसाला मागे सोडून आल्याबद्दल दिल्लीपर्यंत वादळ उठले. अशा आकाशात रडारवर क्षीण दिसणारे, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास रेंगाळणारे यान कुणालाही नकोच असणार. लढाऊ विमानाचा वेग त्याच्या कैक पटींनी जास्त असतो आणि टक्कर टाळायला मिळणारा अवधी सेकंदांत मोजावा लागतो.

तेव्हा निर्बंध असावेत की नसावेत, हा वादाचा मुद्दा नाही. ज्या कारणासाठी निर्बंध आला ते कारण उरले आहे की नाही, हे कोण आणि केव्हा तपासणार, एवढाच प्रश्न आहे.

सफदरजंगचा धडा

हे तपासले गेले नाही तर काय होते, याचे उदाहरण दिल्लीतच आहे. स्वतंत्र भारताच्या नागरी विमान वाहतूक खात्याने पन्नाशीच्या दशकापासून स्वतःचे ग्लायडर घडवले आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली. अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर अशी ती मालिका होती. त्यातील 'आर्द्रा' हिंदुस्तान एरोनॉटिक्सने राष्ट्रीय छात्र सेनेसाठी बांधला. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हिंदुस्तान एअरक्राफ्टने सैनिक वाहून नेणारा जी-१ हा ग्लायडर तयार केला होता. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूरकडचे आणि गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. म्हणजे या देशात ग्लायडरचा जन्मच लष्करी गरजेतून झाला होता.

दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून अनेक वर्षे ग्लायडर उडत असत. २००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर झालेला हल्ला आणि डिसेंबरमध्ये संसदेवर झालेला हल्ला यांनंतर सुरक्षेच्या कारणावरून तिथली नागरी उड्डाणे थांबली. ती पुन्हा सुरू झाली नाहीत. पंतप्रधानांचे निवासस्थान आणि राष्ट्रपती भवन जवळ असल्याने तो निर्णय कदाचित अटळही असेल. परंतु पर्यायी जागा शोधण्याची जबाबदारी कुणाच्याही फायलीवर आली नाही.

पुण्याचे चित्र काहीसे वेगळे आहे. हडपसरचे ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत अनेक दशके चालले. तिथून काही किलोमीटरवर लोहगाव हा सुखोई विमानांचा तळ आहे आणि पुण्याच्या प्रवासी विमानांची वाहतूकही त्याच धावपट्टीवरून हवाई दलाच्या नियंत्रणाखाली होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही छात्रांना मोटार-ग्लायडरवर हवेची ओळख करून दिली जाते. ग्लायडर आणि लढाऊ विमान एका शहराच्या आकाशात नांदू शकतात, हे पुण्याने दाखवून दिले. मात्र ते नांदणे धावपट्टीच्या परिसरातल्या घिरट्यांपुरते आहे. पुण्याहून निघून सोलापूरच्या माळरानावर जायचे म्हटले की पुन्हा परवानग्यांची तीच माळ सुरू होते.

ड्रोनला नकाशा मिळाला

यंत्रणेने मनावर घेतले तर तोडगा निघतो, याचा पुरावाही याच सरकारी दफ्तरात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले आणि सप्टेंबरमध्ये देशाचा हवाई नकाशा हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत खुला झाला. विमानतळाभोवतीचे पिवळे क्षेत्र ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणले गेले. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज राहिली नाही. ड्रोनमागे उद्योग उभा होता आणि स्टार्टअपचा शब्द दिल्लीत ऐकला जात होता, हे यामागचे राजकीय अर्थकारण आहे.

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणही जाहीर झाले. २०३० पर्यंत भारताला हवाई खेळांतील आघाडीच्या देशांत नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि ग्लायडिंगला त्यात स्वतंत्र स्थान आहे. पण ४०० फुटांची सवलत ग्लायडरच्या उपयोगाची नाही. त्याला हजारो फुटांची उंची लागते आणि तिथे हवाई दलाचा शब्द अखेरचा असतो.

इतर देशांनी ही कोंडी वेळेच्या हिशेबाने फोडली. युरोपने १९९६ पासून हवाई क्षेत्राच्या लवचिक वापराचे तत्त्व स्वीकारले. आकाश कायमचे लष्करी वा नागरी नसते, ज्याला ज्या तासांत गरज असेल त्याने ते वापरावे आणि गरज संपली की परत करावे, असे हे तत्त्व आहे. भारतानेही ते मान्य केले आहे, पण त्याचा लाभ प्रामुख्याने प्रवासी विमानांच्या मार्गांना झाला. अमेरिकेत १८ हजार फुटांवरचे आकाश एरवी ग्लायडरला बंद असते. तरीही सिएरा नेवाडाच्या परिसरात, डोंगरावरून उसळणाऱ्या हवेच्या लाटा अनुकूल असतील त्या दिवशी, ग्लायडर संघटना आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील लेखी करारानुसार ठरावीक 'खिडक्या' उघडल्या जातात. टक्कर टाळण्यासाठी 'फ्लार्म' हे उपकरण स्वित्झर्लंडमधील ग्लायडर वैमानिकांनीच विकसित केले. अदृश्य राहण्याची तक्रार होती, तेव्हा त्यांनी दिसण्याची सोय केली.

अर्थात तिथेही गफलती होतात. जुलै २०१२ मध्ये दक्षिण कॅरोलायनात अणुवीज प्रकल्पावरून गेल्याबद्दल सत्तरीच्या एका ग्लायडर वैमानिकाला स्थानिक पोलिसांनी अटक केली. तिथे उड्डाणबंदी लागूच नव्हती, असे नंतर स्पष्ट झाले आणि आरोप मागे घ्यावा लागला. आकाशाचा कायदा जमिनीवरच्या पोलिसाला ठाऊक नसणे, हे काही केवळ भारताचे दुखणे नव्हे.

रायपूरपुढचा प्रश्न

केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी २४ ऑगस्ट २०२४ रोजी रायपूरमध्येच नक्षलवादाच्या समाप्तीसाठी मार्च २०२६ ही मुदत सांगितली. त्यानंतर २१ मे २०२५ रोजी माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू नारायणपूर भागातील चकमकीत मारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये भूपतीने गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बस्तरमधील रस्ते, मोबाइल मनोरे, बँका आणि शाळा यांचे आराखडे या काळात तयार झाले. आकाशाचा असा आराखडा पुढे आलेला नाही.

हा केवळ हौशी वैमानिकांचा प्रश्न आहे असे मानण्याचे कारण नाही. २०२५ च्या मार्चमध्ये रायपूरच्या राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई तुकडीने जशपूरच्या आगडीह धावपट्टीवर छात्रांना मायक्रोलाइट विमानाचे प्रशिक्षण दिले. राजधानीपासून इतक्या दूरच्या आदिवासी जिल्ह्यातील मुले विमानात बसली, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्यापैकी कुणाला उद्या वैमानिक व्हायचे असेल, तर ग्लायडर हा जगभरातला सर्वांत स्वस्त पहिला धडा आहे. रुग्ण वा औषधे नेणारे हेलिकॉप्टर, पिकांची आणि जंगलाची हवाई पाहणी यांनाही त्याच परवानग्यांतून जावे लागते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक निर्बंधित क्षेत्राचे कारण व्यवहार्य तेवढे लेखी असावे, ठरावीक काळाने नागरी आणि संरक्षण यंत्रणेने एकत्र बसून ते तपासावे, ज्या दिवशी मोहीम वा सराव नाही त्या दिवशी काही तासांच्या खिडक्या उघडाव्यात, आणि ग्लायडरवर आपली जागा सतत कळवणारे उपकरण सक्तीचे करावे. राज्य सरकारला आकाशावर अधिकार नाही, पण मागणी करण्याचा अधिकार निश्चितच आहे. तशी मागणी करायला विमान वाहतूक खात्याबरोबर गृह खात्यानेही पुढे यावे लागेल, आणि अडचण बहुधा तिथेच आहे. निर्बंध चालू ठेवल्याबद्दल कोणत्याही अधिकाऱ्याला जाब विचारला जात नाही. तो उठवल्यानंतर काही विपरीत घडले तर मात्र सही कुणाची होती, हे पहिल्यांदा शोधले जाते.

बस्तरची जमीन किती मोकळी झाली हे सांगायला शरणागतांची संख्या आहे, नव्या रस्त्यांचे किलोमीटर आहेत. आकाश किती मोकळे झाले, यासाठी सरकारी तक्त्यात अजून रकानाच आखलेला नाही.