पोकरमध्ये थाप कधी पचते?

पोकर शिकणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कोणती पानं आली की खेळायचं? आणि ब्लफ, म्हणजे थाप, कधी मारायची? बहुतेकांना हे दोन वेगळे धडे वाटतात, पहिला कंटाळवाणा आणि दुसरा मजेचा. माझ्या मते धडा एकच आहे. तुम्ही किती पानं मुकाट्याने टाकून देता, त्यावर तुमची थाप पचणार की नाही हे ठरतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. म्हणून आजची सगळी उदाहरणं चण्यांवर. हिशेब तोच राहतो आणि पगार शाबूत राहतो.

आपण बोलतोय टेक्सस होल्डेमबद्दल. प्रत्येकाला दोन पानं गुप्त मिळतात. मग मधोमध सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, तो फ्लॉप. चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर. या सात पानांतून उत्तम पाच निवडायची. बोली चार वेळा लागते: फ्लॉपच्या आधी एकदा आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर.

आता अडचण अशी की आपल्याकडे बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला असतो. इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, दिवाळीच्या रात्री सतरंजीवर शिकलेला खेळ तोच. तीन पत्तीत पानं न बघता ‘ब्लाइंड’ खेळणाऱ्याला ‘सीन’ खेळणाऱ्याच्या निम्मेच पैसे टाकावे लागतात. म्हणजे न बघता खेळण्याला तिथे सवलत आहे! होल्डेममध्ये अशी सवलत कुणालाच नाही. तिथलं धाडस इथे आणलं की चण्यांची वाटी रिकामी व्हायला फार वेळ लागत नाही.

जरा आकडे बघू. बावन्न पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या निघतात. त्यांत दोन एक्के येतात फक्त सहा प्रकारे, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी, किंवा एक्का-राजा, एवढंच धरलं तरी ३९ डावांत साधारण एकदा. नुसतं याची वाट बघत बसलात तर शेजारचा माणूस तुमची चेष्टा करेल, आणि तुम्ही कधीतरी बेट लावलीत की सगळं टेबल पानं टाकेल.

उलट टोकाला भरपूर माणसं आहेत. ‘दोन्ही पानं इस्पिकची आहेत ना, मग खेळू या.’ अहो, दोन्ही पानं एकाच रंगाची येणं ही जवळजवळ दर चौथ्या डावातली गोष्ट आहे, आणि ती आल्यावर फ्लॉपवर पुरा फ्लश बनतो सुमारे ११९ वेळांतून एकदा. तसंच ‘एक्का आहे ना?’ हे. तुमच्याकडे एक्का-पंजी आणि समोर एक्का-राजा असेल, तर चारपैकी जवळपास तीन वेळा तुम्ही हरता. आणि एक्का लागला तरच जास्त चणे घालता, म्हणजे नेमके हरताना मोठे हरता. लहान जोडी, समजा दोन पंज्या, त्यापेक्षा बरी. फ्लॉपवर तिसरी पंजी येते साडेआठ वेळांतून एकदा. आली तर समोरच्याला पत्ता लागत नाही, नाही आली तर निमूट बाजूला व्हायचं.

पण पानांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तुम्ही बसलात कुठे. फ्लॉपनंतर डीलरचं बटण ज्याच्यासमोर असतं तो सगळ्यांत शेवटी बोलतो. बाकीचे काय करतात ते बघून ठरवायची मुभा त्यालाच. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलायची पाळी असेल तर शंभरातले बारा-पंधरा हात खेळा, बाकी फेका. बटणावर असाल आणि आधीच्यांनी पानं टाकली असतील तर चाळीसपर्यंत जायला हरकत नाही. गुलाम-नव्वी पहिल्या जागी कचरा आणि बटणावर चांगला हात, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पानं तीच आहेत, माहिती वेगळी आहे.

आता थाप. ती चालते का? कारण साधं आहे: जोडी नसलेली दोन पानं हातात असली, तर फ्लॉपवर तीनपैकी दोन वेळा काहीच जुळत नाही. तुमचं नाही, तसं समोरच्याचंही नाही. तो घाबरलाय की नाही हे डोळ्यांत बघून ओळखायची गरज नसते, गणितच तुमच्या बाजूला असतं.

समजा मधोमध १०० चणे आहेत आणि तुम्ही थाप म्हणून ५० लावलेत. १०० मिळवायला ५० धोक्यात, म्हणजे तीनपैकी एकदा समोरच्याने पानं टाकली तरी बरोबरी होते. पुरे १०० लावलेत तर दोनांतून एकदा टाकायला हवीत. मोठी बेट जास्त घाबरवते खरी, पण ती जास्त वेळा यशस्वीही व्हावी लागते.

थाप मारायची कोणत्या पानांवर? गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी हा प्रश्न पोकरचं एक सोपं रूप मांडून सोडवला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या गेम थिअरीच्या ग्रंथात तो आहे. उत्तर असं: बेट लावा सर्वांत चांगल्या हातांवर आणि सर्वांत वाईट हातांवर, मधल्या हातांवर गप्प बसा. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं. मधल्या जोडीवर मोठी बेट लावली तर तुमच्यापेक्षा वाईट असलेले पळतात आणि चांगले तेवढे थांबतात. ती जोडी फुकटात उघडली असती तर कदाचित जिंकली असती. वाईट हाताला मात्र उघडून काहीच मिळणार नसतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायला २००३ ची लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज घ्या. क्रिस मनीमेकर हा हिशेबनीस माणूस ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तिथे पोचला होता. शेवटी उरले तो आणि मुरलेला खेळाडू सॅमी फार्हा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. (नऊ जणांच्या टेबलावर हा हात मी फेकायलाच सांगेन. दोघेच असताना हिशेब बदलतो.) फ्लॉप आला इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. टर्नला इस्पिकची अठ्ठी. आता आणखी एक इस्पिक आलं तर फ्लश, पंजी किंवा दश्शी आली तर सीक्वेन्स. फार्हाने बेट लावली, मनीमेकरने ती वाढवली. ही निव्वळ थाप नव्हती. समोरच्याने टाकली तर उत्तम, नाही टाकली तरी पुढचं पान तारू शकत होतं. नवशिक्याने थापेची सुरुवात इथूनच करावी.

रिव्हरला बदामची तिर्री आली आणि मनीमेकरकडे काहीच उरलं नाही. त्याने होते नव्हते ते सगळे चिप्स पुढे सरकवले. फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो जिंकत होता. बराच विचार करून त्याने पानं टाकली. मनीमेकर पुढे ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकला. लोक त्याच्या चेहऱ्याचं कौतुक करतात. मी टर्नवरच्या वाढवलेल्या बेटकडे बघतो. तिच्यामुळे ‘माझ्याकडे फ्लश आहे’ ही गोष्ट आधीपासून सुरू झाली होती, आणि मधल्या तीन इस्पिकांशी ती जुळत होती. फ्लॉपपासून गप्प बसून शेवटी एकदम ओरडणाऱ्याची थाप अशी पचत नाही.

आणि प्रत्येक डावात उडी घेणाऱ्याची तर नाहीच. त्याच्याकडे काहीही असू शकतं हे टेबलाला पाठ झालेलं असतं. तासभर निमूट पानं टाकणारा बोलला की लोक ऐकतात.

दोन ठिकाणी मात्र थाप मारूच नका. एक, समोर तिघे असताना. प्रत्येक जण दहापैकी सहा वेळा टाकणारा धरला तरी तिघांनी एकदम टाकण्याची शक्यता जेमतेम बावीस टक्के. दुसरं, प्रत्येक टेबलावर एक काका असतात, ‘बघू तरी काय आहे’ म्हणून शेवटपर्यंत येणारे. त्यांना गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. तुम्हाला खरोखर एक्क्यांची जोडी आली की नेहमीपेक्षा मोठी बेट लावा. काका येणारच.