सिकलसेल : फळ्यावरचे गणित आणि घरातले

प्रतिनिधी, मोहोपाडा

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात मेंडेलचे वाटाणे आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार एकाच पाठात येतात. वाटाण्याचे 3:1 हे गुणोत्तर परीक्षेपुरते पाठ होते. सिकलसेलचे तसे नाही. महाराष्ट्रात हा आजार आदिवासी व अन्य काही समाजांत आढळतो, आणि मोहोपाड्याभोवती, खालापूर-कर्जत पट्ट्यात, कातकरी-ठाकरांच्या वाड्या आहेत. फळ्यावरचा तक्ता एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचाच असू शकतो.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, एवढाच हा बदल. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदना होतात, रक्तक्षय होतो. सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले तरच मूल 'एसएस' म्हणजे रुग्ण ठरते. एकाकडूनच आले तर ते 'एएस', म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. तरीही दोष आईच्याच माथी मारण्याची आपली जुनी खोड आहेच.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. येथेच मुले (आणि मोठेही) चुकतात. 'चारांत एक' याचा अर्थ पहिले मूल आजारी निघाले की पुढची तिघे सुटली, असा नव्हे. दर गर्भधारणेला हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. दोन वाट्यांत एकेक वाल व एकेक चवळी ठेवून, डोळे मिटून प्रत्येक वाटीतला एक दाणा उचलायचा, पाहून परत ठेवायचा; वीस वेळा असे केले की ही गोष्ट व्याख्येविनाही उमगते.

1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मात्र प्राथमिक विद्राव्यता चाचणीत दोष आढळला, तरी व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. तो अहवाल येईपर्यंत, आणि आल्यावरही, मुलाचा निकाल वर्गात मोठ्याने वाचला जाता कामा नये.