विंचवाचे बिऱ्हाड वाळवंटात

बडोद्याहून अहमदाबाद, डीसा, सांचोर, बाडमेर असा मार्ग धरून आम्ही तिघे डॉक्टर गेली काही वर्षे हिवाळ्यात मोटारसायकलींवरून थरच्या वाळवंटात जातो. एक भूलतज्ज्ञ, एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्रस्तुत लेखक फिजिशियन. सम येथील वाळूच्या टेकड्यांपाशी पर्यटकांसाठी सुसज्ज तंबूंची वसाहत आहे. तिथे भोजन, लोकसंगीत आणि उंटावरची सैर असे सारे मिळते. आम्ही मात्र आपला तंबू आपल्याच गाडीवर बांधून, एखाद्या ढाणीच्या मालकाची परवानगी घेऊन मोकळ्या रानात उतरतो. त्यामुळे परत आल्यावर स्नेही हमखास विचारतात, ‘एवढ्याशा गाडीवर नेता तरी काय काय?’ खरे पाहता प्रश्न ‘काय काय ठेवून जाता’ असा हवा. वाळवंटात सामान हलके करायचे ते पाण्याचे ओझे जड करता यावे म्हणून. हे एकदा लक्षात आले की बाकीची निवड फारशी अवघड राहत नाही.

पाण्याचा हिशेब आपल्या व्यवसायबंधूंना नव्याने सांगण्याची गरज नाही. तरीही गाडीवर बसल्यावर तो विसरला जातो असा अनुभव आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. कोरड्या हवेत, त्यातही धावत्या गाडीवर, हा घाम दिसतच नाही. सदरा भिजत नाही, कपाळ ओले होत नाही, आणि म्हणून तहानेचाही विसर पडतो. जानेवारीत जैसलमेरचे कमाल तापमान २४-२५ अंशांच्या आसपास असते. ‘थंडीच आहे, पाणी कशाला लागते’ असे नवख्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जाड जाकीट, शिरस्त्राण आणि गुडघ्यांवर संरक्षक कवच घालून वाळूत रुतलेली दोनशे किलोची गाडी ढकलणे हा श्रम पौष महिन्यातही घाम काढतो. मार्च किंवा ऑक्टोबरात हवा त्वचेपेक्षा उष्ण होते तेव्हा तर अंगावर येणारा वारा कातडीला थंड न करता तापवतो. त्या वेळी जाकीट काढून सदऱ्यावर गाडी चालवणे सुखद वाटले तरी ते जलशोषाला आमंत्रण होय.

आमचा नियम असा की पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज पाच लिटर, आणि पुढचे खात्रीचे पाणी मिळेपर्यंत लागेल त्याहून एक दिवसाचे अधिक. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येकी दहा लिटर, अर्थात दहा किलो. हे पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नये. कॅन फुटला की सर्वस्व गेले. दोन-दोन लिटरच्या पाच बाटल्या गाडीच्या दोन्ही अंगांना शक्य तितक्या खाली बांधाव्यात आणि पिताना एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची उघडावी, म्हणजे तोल राहतो.

येथे कोणी म्हणेल, गावे आहेत, लोक अगत्यशील आहेत, पाणी मागून का घेऊ नये? अगत्य आहे यात शंकाच नाही. मागितले तर आधी पाणी आणि मग चहा पुढे येतो. परंतु थरमधील अनेक घरांपाशी जमिनीत बांधलेला ‘टांका’ असतो, आणि त्यात साठवलेले पावसाचे पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे असते. जिथे घरातील बाई भांडी वाळूने घासून पाणी वाचवते, तिथे तीन धट्ट्याकट्ट्या पाहुण्यांनी पंधरा लिटर पाणी मागणे मला प्रशस्त वाटत नाही. आपले पाणी आपण न्यावे.

आता गाडी. वाळूत पुढचे चाक हलके आणि मोकळे राहावे लागते हे खरे. पण म्हणून सारे वजन मागे टाकले तर दिशा हातात राहत नाही. जड वस्तू खाली, चालकाच्या जवळ आणि मागच्या आसाच्या पुढे हव्यात. कॅरियरच्या शेपटीवर फक्त हलके आणि फुगीर सामान. पाणी सोडून माझे सारे सामान पंधरा किलोंच्या आत बसते. वाळूत गाडी पडणारच. पडलेली गाडी सामानासकट उचलता आली पाहिजे, ही माझ्या मते सामानाची खरी परीक्षा. निघण्यापूर्वी एकदा घराच्या अंगणात गाडी आडवी करून ती उचलून पाहावी. शेजारी हसतील, हसू द्यावे.

ज्यात काटकसर करू नये अशी एकच बाब, ती म्हणजे झोप. कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली वाळू दिवसाची ऊब झपाट्याने गमावते. शहराच्या नोंदीत सात-आठ अंश असताना उघड्या रानात त्याहून पुष्कळ कमी भरते. काही रात्री पारा शून्याजवळ जातो. म्हणून चांगली स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली फोमची चटई हवीच. थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालून लागते. तंबू दोन किलोंचा पुरतो, मात्र वाळूत साधे खुंटे धरत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या की तंबू वाऱ्यात उभा राहतो. पिशव्यांचे वजन जवळजवळ नाहीच. घडीची खुर्ची, उशी, कंदील, टेबल ही मंडळी बडोद्यातच राहतात.

कपड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अंगावर एक जोड, पिशवीत एक, लोकरीचे बनियन, टोपी, मोजे दोन. वाळवंटात तीन दिवस तोच सदरा घालणाऱ्याकडे कोणी पाहत नाही.

खाण्यात आम्ही पाणी न मागणारे पदार्थ निवडतो: खाकरा, थेपले, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, तिळाच्या वड्या. भात रांधण्यास पाणी आणि नंतर भांडे धुण्यास पुन्हा पाणी, म्हणून भात वर्ज्य. चहासाठी एक लहानसा गॅसचा स्टोव्ह आणि एकच पातेले. लाकडे गोळा करून शेकोटी करणे आम्ही कटाक्षाने टाळतो. खेजडी, म्हणजे आपली शमी, त्या प्रदेशात सावली, चारा आणि शेंगा देते. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात तिच्या रक्षणासाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. देवाच्या नावाने राखलेल्या ‘ओरण’ भूमीत तर काटकीही उचलू नये.

हत्यारे तिघांत वाटून घ्यावीत. एक हातपंप, पंक्चरचे साहित्य, सुट्या ट्यूब, क्लचची तार, पाने. वाळूत शिरताना टायरमधील हवा वीस पौंडांच्या आसपास उतरवतो आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरतो. म्हणून पंप चैनीची वस्तू नव्हे. पेट्रोलचा जादा कॅन मात्र अनावश्यक. पंधरा लिटरची टाकी असलेली गाडी निगुतीने चालवल्यास चारशे किलोमीटर जाते आणि बाडमेर ते जैसलमेर अंतर दीडशेच्या आसपास आहे.

औषधांच्या पेटीत आपला व्यवसाय आडवा येतो. प्रत्येक डॉक्टरला वाटते की सारे वॉर्डच बरोबर न्यावे. माझी पेटी अर्ध्या किलोची आहे, आणि तिचा बराचसा भाग ओआरएसच्या पुड्यांनी व्यापलेला असतो. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या, २४५ मिलिऑस्मोलच्या सूत्राच्याच पुड्या घ्याव्यात. घामातून मीठ जात असताना केवळ पाणी ढोसत राहिल्यास सोडियम उतरते, हे येथे ध्यानात ठेवावे. एका वर्षी खुडीच्या पुढे दुपारभर वाळूत गाड्या ढकलल्यावर आमचे भूलतज्ज्ञ मित्र, जे एरवी शस्त्रक्रियागृहात कधी आवाज चढवत नाहीत, ते क्षुल्लक कारणावरून चिडले आणि त्यांना हातमोज्यांचा बंदही सुटेना. सकाळपासून त्यांना लघवी झाली नव्हती. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल औषध होते. खेजडीच्या सावलीत दोन तास बसवून, घोट-घोट करीत दोन लिटर ओआरएस दिल्यावर गडी पूर्ववत विनोद करू लागला. ते दोन लिटर आमच्या जादा दिवसाच्या पाण्यातले होते.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेले बहुतेक जण कसली ना कसली गोळी घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितो. मूत्रल औषधांचा विचार निघण्यापूर्वी करावा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना जलशोष लवकर होतो, आणि खाणे कमी पडल्यास साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. इन्सुलिन दिवसा उन्हापासून जपावे आणि रात्री स्लीपिंग बॅगेत जवळ घ्यावे, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी. आणि या बाबतीत स्वतःच स्वतःचे डॉक्टर न होता दुसऱ्याचा सल्ला घ्यावा, ही विनंती.

सर्पविषावरील लस आम्ही नेत नाही. तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, ती सांभाळण्याची सोय तंबूत नसते. शिवाय थरमधील फुरशाच्या दंशावर उपलब्ध लस अपेक्षेइतकी प्रभावी ठरत नाही असे पश्चिम राजस्थानातील डॉक्टरांनी नोंदवले आहे. क्रेप बँडेज, हात-पाय स्थिर ठेवण्याची पट्टी, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि तिथे पोहोचण्याचा वाळूविरहित मार्ग हीच खरी तयारी. प्राझोसिनच्या चार गोळ्या मात्र असतात. विंचूदंशावर हे औषध रूढ करणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपण जाणताच. केवळ वेदना असेल तर ते देण्याचे कारण नाही. घाम सुटणे, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर द्यावे आणि रुग्णालय गाठावे.

तंबूची जागा उजेडी निवडावी, झुडपांपासून आणि उंदरांच्या बिळांपासून दूर. फुरसे रात्री हिंडते आणि वाळूत अंग बुडवून बसते, म्हणून अंधारात अनवाणी उतरू नये. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत तंबू ठोकू नये; माळढोक तिथे जमिनीवर अंडी घालतो. सीमेलगतच्या भागात शिरण्याचे निर्बंध ठिकाणानुसार वेगळे आहेत, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावेत. सकाळी बूट उलटे करून झटकावेत, मगच पाय घालावेत. रिकाम्या बाटल्या टाकून न देता चेपून कॅरियरच्या मागच्या, हलक्या सामानाच्या जागी बांधाव्यात. परतीच्या वाटेवर सांचोरला चहा घेताना त्यांची विल्हेवाट लावता येते.