सुखाची बेरीज आणि दख्खनचा सारा

ज्या कायद्याने जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधते तो कायदा चांगला, असा निकष जेरेमी बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. उमराव असो की मोलकरीण, या हिशेबात प्रत्येकाचे मोल सारखेच. इंग्लंडात कायदे, तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्यामागे याच विचाराचे बळ होते. मला तो आजही मोठा वाटतो. म्हणूनच आपल्या मुलखात त्याचे काय झाले हे पाहणे मला गरजेचे वाटते.

बेंथमचा शिष्य जेम्स मिल हिंदुस्थानात कधीच आला नाही. तरीही त्याने १८१७ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत तो महसुलाची धोरणे लिहू लागला. लागवडीचा खर्च आणि शेतकऱ्याचा रास्त नफा वजा केल्यावर जे उरते ते कुणाच्याच कष्टाचे नाही, ते सरकारने घेतले तर कुणाचे सुख कमी होत नाही, असे त्याचे गणित होते.

पेशवाई नुकतीच बुडालेली. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसकडून अर्थशास्त्र शिकलेला आर. के. प्रिंगल हा तरुण अधिकारी १८२०च्या दशकाअखेरीस हे गणित घेऊन पुणे भागातल्या शेतांत उतरला. बी, बैल, मजुरी वजा जाता उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के म्हणजे सारा. कागदावर हे न्याय्यच होते. पण मोजण्या चुकल्या, हाताखालच्यांनी लाच खाऊन प्रतवारी फिरवली आणि भाव पडलेले असताना सारा मात्र चढाच राहिला. रयत जमिनी टाकून निघाली, काही जण निजामाच्या हद्दीत गेले. चुकीची किंमत मोजली ती ज्यांना कुणी काही विचारलेच नव्हते त्यांनी.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरात निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला, जमिनीच्या कसाप्रमाणे आणेवारी लावली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. शेती सावरली. मुदत संपल्यावर, कापसाच्या तेजीने भाव फुगलेले असताना, सारा पुन्हा वाढवला गेला. तेजी ओसरली, कर्ज राहिले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या कर्जखतांवर तुटून पडले. त्यामागचे एक कारण हा वाढीव साराही होता.

जेम्सचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडून बापाच्या विचाराला माणूसपण दिले. समाजसुधारक आगरकरांना भावला तो हा मिल. गांधीजींना मात्र बहुसंख्यांचे सुख पुरेसे वाटले नाही, त्यांनी सर्वोदय, म्हणजे सर्वांचे भले, म्हटले.

बहुसंख्यांच्या सुखाचा हा प्रश्न पुढे प्रत्यक्षातही उभा राहिला. १९२१ मध्ये पुण्याजवळच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत मावळे उभे राहिले. मुंबईला वीज हवी होती, तिथली माणसे अगणित, खोऱ्यातली थोडी. बेरीज मुंबईच्याच बाजूने होती. मावळ्यांचे म्हणणे एवढेच होते, की जान किंवा जमीन. एकाचे नुकसान दुसऱ्याच्या फायद्याने भरून निघत नाही, कारण ती दोन वेगळी माणसे आहेत, हा आक्षेप जॉन रॉल्सने १९७१ मध्ये तत्त्वज्ञानात पक्का केला. मुळशीच्या शेतकऱ्यांना तो ठाऊक होता. धरण झाले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला मात्र १९७६ उजाडले.